डॅशबोर्डवरचा नारिंगी दिवा

बापू मिस्त्रीने मला फसवलं. माझ्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह जोडून देतो म्हणाला, म्हणजे वेग तोच राहतो आणि इंजिन निवांत चालतं. प्रत्यक्षात त्याने डॅशबोर्डवर एक खटका आणि नारिंगी दिवा बसवला. वायर दिव्यापाशीच संपते. काल दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी वर उचलली, तेव्हा कळलं की खाली नुसता जुनाच गिअरबॉक्स आहे.

आज सकाळी गाडीत बसून खटका दाबला. दिवा लागला, अगदी ऐटीत. हा दिवा लागला की मी हायवेवर बायकोला म्हणायचो, "ऐकलंस? इंजिन कसं शांत झालं!"

"मला तर तेवढाच आवाज येतोय."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

आणि शपथेवर सांगतो, मला ती शांतता ऐकू यायची. आंबा हातात घेऊन आतला डाग ओळखणारा माणूस मी. भंगारातून धंदा उभा केला. पण भाव पाडून घेतला की माणूस इतका खूश होतो, की वस्तूत जे नाही तेही स्वतःच भरून टाकतो. बापूने नेमकं हेच हेरलं. माझ्याशी भरपूर भांडून त्याने भाव सोडला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "शेठ, मारलंत मला!"

कालपासून बायको नुसती हसते. गिअरबॉक्सचं मी बघून घेईन. पण बापूने माझ्या घरी यावं, तिच्यासमोर बसावं आणि सांगावं, ती शांतता मला कुठून ऐकू येत होती.