शिळी माहिती

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे ‘खालीवर’ म्हणायचे. एका उंच इमारतीतल्या आठ लिफ्ट त्याच्या गळ्यात होत्या. बावीस वर्षं तो एकतर खाली नाहीतर वर, मधे टेकायची म्हणून सोय नाही. आणि घरी यावं तर तिथे आईचं यंत्र.

आईची फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावून दिलं, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं. यंत्र गुणाचं, पण विजेवर चालणारं, आणि त्या भागात विजेचा काही नेम नव्हता. तशी वेळ आलीच तर कोपऱ्यात सिलिंडर होता. पण त्याची चावी फिरवायला बोटांत जोर हवा, आणि आईची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. सकाळी बायको घरी असायची. बारा ते सहा ती शाळेत शिकवायला जायची, आणि शेजारीपाजारी दिवसभर कुलपं.

म्हणून एका ऑफिसने मोडीत काढलेला यूपीएस, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर चालवून नेणारं खोकं, त्याने आणला, त्यात नव्या बॅटऱ्या घातल्या, आईचं यंत्र त्याला जोडलं आणि घड्याळ घेऊन समोर बसला. पंचवीस मिनिटं चाललं. कामावरून घर वीस मिनिटांवर. म्हणजे वीज गेल्याचं त्याला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. सगळा खेळ पाच मिनिटांचा.

आता हे कळवायचं कुणी? यूपीएसवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर असतं, फुकट मिळणारं, कुणालाही उघडून बघता येणारं. आईच्या पलंगाजवळच्या टेबलावर जुना लॅपटॉप ठेवून त्यावर त्याने ते चढवलं, मधे एक यूएसबीची तार जोडली, आणि तिथून त्याच्या हालाला सुरुवात झाली. लिफ्टमध्ये काही तुटलं तर तुटलेलं दिसतं हो! इथे सगळं जागच्या जागी आणि तरी ढिम्म. कधी यूपीएसच ओळखायचं नाही, कधी परवानगी नाही म्हणायचं, कधी एका अक्षराच्या चुकीसाठी अख्खा रविवार खायचं. बायको म्हणाली, “अहो, लग्नाआधी मला इतकी पत्रं लिहिली असतीत तर!” तिसऱ्या रविवारी पडद्यावर एकदाची ओळ उमटली: वीज चालू, बॅटरी शंभर टक्के.

“काय म्हणतंय?” आईने विचारलं.

“शंभर टक्के म्हणतंय.”

“माझ्यापेक्षा बरंय बाई त्याचं.”

पंधरा दिवस सुखाचे गेले. दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा फोनवर निरोप आला, दोन्ही वेळा तो वेळेत पोचला. मग एका दुपारी वेगळाच निरोप आला: ‘डेटा स्टेल’. माहिती शिळी. म्हणजे यूपीएसकडून काही कळत नाही. वीज असेल, नसेल, आई कशी आहे देव जाणे. घरी फोन केला, तर आई उचलेना. स्कूटर दामटत घरी आला तर वीज चालू, यंत्र चालू, आई उशीला टेकून बसलेली.

“आलास? जेवलास का?”

“फोन का नाही उचललास?”

“ऐकूच आला नाही रे.”

त्याने सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं, गाडी रुळावर आली. चार दिवसांनी तेच. मग पुन्हा. त्याने तार बदलली, लॅपटॉपचं भोक बदललं, किती सेकंदांनी विचारपूस करायची ते बदललं. महिन्याभरात सात वेळा तो काम टाकून पळाला. सातव्या वेळी एका लिफ्टचं दार उघडं ठेवून, नुसता फलक अडकवून गेला. साहेबांनी बोलावून घेतलं. “तुझी अडचण मला समजते. पण वीज गेली नसताना पुन्हा असा गेलास, तर मग घरीच बस.” साहेब काही वाईट नव्हते. म्हणून तर ते जास्त लागलं.

नोकरी गेली तर हे यंत्र, औषधं, सगळंच बसणार. बायकोच्या एकटीच्या पगारात घर कसंबसं चाललं असतं, आईचं दुखणं नाही. तो इतका दमला होता की जिन्यावर बसून बूट काढताना तिथेच डोळा लागायचा.

या सॉफ्टवेअरवाल्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथे मांजराचं चित्र लावलेला कुणी भला माणूस सगळ्यांच्या शंकांना उत्तरं द्यायचा. खालीवरने सगळी रड त्याच्यापुढे मांडली. मांजरवाल्याने लिहिलं, “लॅपटॉपची स्वतःची नोंद बघा. तार कधी सुटली, कधी जोडली गेली, मिनिटासकट सापडेल.”

रविवारी त्याने नोंद उघडली. शेवटच्या वेळी तार सुटली तीन वाजून चार मिनिटांनी. परत जोडली गेली तीन सव्वीसला. त्या दिवशी त्याने दारात चावी फिरवली ती तीन सव्वीसलाच. त्याआधीची नोंद तशीच, त्याहीआधीची तशीच. सुट्टीच्या दिवशी एकदाही नाही.

त्याने कपाळाला हात लावला. पलंगाकडे वळून म्हणाला, “आई, तार तू काढतेस?”

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“अगं, नोकरी जाईल माझी! जीव हातात धरून पळत येतो मी!”

“येतोस ना?” आई म्हणाली. “त्या खोक्याची खबर मिनिटभर शिळी झाली तर तुझा जीव खालीवर होतो. माझी खबर सकाळची असते रे. रात्री येतोस, खोक्याला विचारतोस, पडद्याला विचारतोस, आणि झोपतोस.”

त्याला फार राग आला होता. तो राग कुठच्या कुठे गेला आणि नुसती लाज उरली. कारण खरंच होतं ते. महिनाभर तो रोज या खोलीत येत होता, आणि एकदाही आईच्या पलंगावर बसला नव्हता.

नंतर त्याने तारेला हात लावला नाही. आईलाही काढू नकोस म्हणाला नाही. तार सुटून जोडली गेली की सॉफ्टवेअरने आपणहून उठावं, एवढी सोय केली. आणि त्या निरोपाचे शब्द आपल्याला हवे ते ठेवता येतात, ते बदलले. आता दुपारी तीनच्या सुमाराला फोनवर यायचं: ‘आई बोलावतेय’. तो लिफ्टच्या माथ्यावर बसून फोन लावायचा. ती आता पहिल्या रिंगला उचलायची.

“तार लाव आई.”

“लावते. आधी सांग, जेवलास का?”

पाच मिनिटं बोलणं व्हायचं, मग ती तार लावायची. पळापळ थांबली. साहेब खूश.

असे दोन महिने गेले. मग एका मंगळवारी तीन वाजले, सव्वातीन वाजले, निरोप आला नाही. त्याने फोनवर पाहिलं: वीज चालू, बॅटरी शंभर टक्के, माहिती ताजी. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

तो हत्यारांचा पट्टा तसाच कमरेला ठेवून निघाला. दारात साहेब.

“वीज गेली?”

“नाही.”

“मग खोकं बिघडलं?”

“सगळं ठीक दाखवतंय, साहेब.”

“मग चाललास कुठे? मी काय सांगितलं होतं तुला?”

“लक्षात आहे,” तो म्हणाला आणि गेला.

घरी यंत्राची घरघर चालू होती. आई कुशीवर वळून पडलेली, तोंड किंचित उघडं. तो दारातच थांबला. मग तिच्या खांद्यावरची चादर हलली. पुन्हा हलली. तो तिथेच खाली बसला. कमरेची हत्यारं फरशीवर वाजली.

आईने डोळे उघडले. “कधी डोळा लागला कळलंच नाही बघ.” मग तिने टेबलाकडे पाहिलं. “अरे, पण मी आज तार नाही काढली.”

“माहीत आहे.”

“मग का आलास?”

“म्हणूनच आलो.”

त्याच्या खिशात साहेबांचा फोन वाजत होता. आईने पाय आखडून घेतले आणि पलंगावर त्याला जागा करून दिली.