फांदी तोडताना बैलाशी बोलणं

पत्नी गेल्यापासून घर गप्प झालं आहे. ती तशी बोलकी. फक्त माझ्या थोरल्या भावाशी कधी बोलायची नाही. भासऱ्याशी सुनेनं बोलू नये, हा रिवाज वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा आमच्याकडे कडक पाळत. काही सांगायचंच असलं, तर ती ते जवळच्या जनावराला सांगे.

एका उन्हाळ्यात अकोटजवळच्या आमच्या मळ्यात वादळानं निंबाची जाड फांदी अर्धवट मोडली आणि विहिरीवरच्या मोटेच्या चाकावर लोंबू लागली. चाक फुटलं असतं तर वांगी वाळली असती. भाऊ करवत घेऊन झाडावर चढला. फांदीला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली मी धरला. शहरात, राजापेठेत राहून शिकलेल्या माणसाला याहून अवघड काम देऊ नये, असं घरात सर्वांचंच मत होतं.

पत्नीचं माहेर संत्र्याच्या बागेतलं. करवतीचा आवाज ऐकून ती आली आणि विहिरीजवळच्या बैलासमोर उभी राहिली.

"बैला, आदी खालून खाच पाडा लागते. वरूनच कापलं तं फांदी साल घेऊन खोडाकडं चिरत येते."

वरून उत्तर आलं, "बैला, सांग तिले, आमी काय आजच करवत पाह्यली?"

बैल शेपटी हलवत राहिला.

मग ती माझ्याकडे वळली. "अजी, दोर मनगटाले कावून गुंडाळला? फांदी खाली येईन आन् तुमी वर जासान."

मी दोर सोडवून शेजारच्या खुंटाला वेढे दिले. तेवढ्यात गड्यानं बैल सावलीत नेला. आणि नेमका तेव्हाच कर्र असा आवाज झाला. भेग भावाच्या पायाकडे सरकताना तिनं खालून पाहिली. सांगायला आता बैल नव्हता. भासऱ्याला हाक काय मारायची, हेही तिला माहीत नव्हतं. आजवर कधी मारलीच नव्हती.

"ओ! मांगं सरा! खोडाले धरा!"

भावानं खोडाला मिठी मारली. त्याचा पाय होता तिथली साल सोलून फांदी खाली आली आणि चाकाच्या वीतभर वर दोरावर अडकून झुलत राहिली.

भाऊ खाली उतरला, पाणी प्यायला. थोड्या वेळानं पुन्हा चढला. उरलेल्या ठुंठाला आधी खालून खाच पाडली, मग वरून करवत घातली.

संध्याकाळी तो जेवायला बसला. ती नेहमीप्रमाणे दाराआड होती. भाकर संपल्यावर त्यानं नेहमीसारखं मला सांगितलं नाही. सरळ दाराकडे तोंड करून म्हणाला, "एक भाकर वाढा."

तिनं दोन वाढल्या. नंतर मला हळूच म्हणाली, "झाडावरून पडता पडता वाचलं का मानसाले भूक बी लागते आन् वाचा बी फुटते."