बशीखालचे ग्लास

सकाळी सातला फोन वाजला की तो भास्करचा आणि दिवस सोमवारचा, हे माझ्या घरात इतकी वर्षं ठरलेलं होतं की त्या गुरुवारीही मी फोन उचलून जुन्या सवयीनं म्हणालो, ‘बोल, कोण जिंकलं?’ पलीकडे सुमनवहिनी होत्या. ‘भाऊजी, हे उठत नाहीत,’ एवढंच म्हणाल्या. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. भास्कर बोरसे झोपेतच गेला, पासष्टाव्या वर्षी. सुरतेच्या बमरोली भागातल्या लूम कामगाराचा मुलगा, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यातला केमिस्ट आणि कोन्याक या फ्रेंच ब्रँडीच्या बाबतीत मला भेटलेला सगळ्यांत तयारीचा माणूस.

सुरतेत राहून हा शौक म्हणजे हसण्याचाच विषय. दारूबंदीमुळे परमिटशिवाय इथे थेंब मिळत नाही, आणि परमिट मिळावं म्हणून आधी आजारी असावं लागतं. भास्करची साखर आणि माझं ब्लडप्रेशर, दोघांनी मिळून आमची सोय केली होती. त्याचा पुतण्या जहाजावर आहे, तो वर्षाला एखाद-दुसरी चांगली बाटली आणायचा आणि भास्कर ती रीतसर परमिटवर चढवायचा. मग रविवारी सकाळी अकराला, जेवणाआधी, त्याच्या गॅलरीशेजारच्या खोलीत आम्ही बसायचो. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते असे दोन ग्लास. एकात दहा-बारा वर्षं पिंपात मुरलेली, दुसऱ्यात त्याहून जुनी. दोन्हींत चमचा-दोन चमचेच. प्यायचं शेवटी. आधी ग्लास छातीपाशी धरायचा, मग हनुवटीपाशी, मग नाकाखाली, आणि तोवर तोंड बंद ठेवायचं. बँकेतून डेप्युटी मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या मला गप्प बसणं जड जायचं, आणि ‘मॅनेजर, ही मीटिंग नाही,’ असं ऐकून घ्यावं लागायचं.

मी पुस्तकं वाचून जायचो. वाळवलेली जर्दाळू, सिगारची पेटी, कातडं वगैरे शब्द फेकायचो. भास्कर ऐकून घ्यायचा आणि स्वतःचे शब्द वहीत लिहायचा. भिजवलेली खारीक. मोहाची वाळलेली फुलं. पेंढ्यात पिकलेला आंबा, पण तिसऱ्या दिवशीचा. फार जुन्या कोन्याकमध्ये अक्रोडासारखा, थोडा दमट असा एक वास येतो, त्याला पुस्तकात मोठं नाव आहे. भास्कर त्याला ‘कोठी’ म्हणायचा. त्याच्या आजोळी, धुळ्याकडे, दाण्यांची मातीची कोठी होती. ती रिकामी झाली की हा आत उतरून झाडायचा, तो वास. मी एकदा मुद्दाम रिकाम्या कोठीत डोकं घालून पाहिलं आणि माझी पुस्तकं बंद केली.

पण खरा निकाल सोमवारी लागायचा. भास्करचं म्हणणं असं, की भरलेला ग्लास थापा मारतो, रिकामा मारत नाही. कोवळी असेल तर रात्रीत उडून जाते, खरी जुनी असेल तर कोरड्या काचेतही दुसऱ्या दिवशी थांबलेली असते. म्हणून रविवारी ते दोन ग्लास न धुता, वर बशा झाकून टेबलावर राहायचे. सोमवारी कारखान्याची बस येण्याआधी तो बशी उचलून वास घ्यायचा आणि सातला मला निकाल सांगायचा. त्या ग्लासांना हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी संध्याकाळी वहिनींचा घाबऱ्या आवाजात फोन आला. भुसावळहून पाहुणे आले होते, त्यांच्या सरबताच्या ग्लासांबरोबर ‘ते दोन ग्लासपण माझ्याकडून धुतले गेले, भाऊजी.’ पुसून त्यांनी पुन्हा बशा झाकून ठेवले होते. उद्या हे चिडतील, तेव्हा तुम्ही जरा सांभाळून घ्या, एवढीच विनंती होती. मी हो म्हणालो आणि काय बोलायचं ते ठरवून ठेवलं. सोमवारी सातला फोन आला. ‘डावा अजून बोलतोय, मॅनेजर,’ भास्कर नेहमीच्या आवाजात म्हणाला. ‘खारीक आहे आणि मागून कोठी. उजवा संपला.’

थोड्या वेळानं वहिनींचा फोन, की बरं झालं, त्यांना कळलंच नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि माझा टांगणीला लागला होता.

कारण भास्करचं नाक फक्त रविवारपुरतं नव्हतं. त्याच्या प्लँटमध्ये गॅसचे मीटर होते, अलार्म होते, पण माणसांचा विश्वास बोरसेसाहेबांवर होता. एकदा मीटर गप्प असताना त्यानं एक अख्खा सेक्शन रिकामा करायला लावला होता, आणि नंतर पाइपच्या एका जोडाचं गास्केट जाऊन गळती सुरू असलेली सापडली होती. तेव्हापासून टाकीचं झाकण उघडायच्या आधी कुणीतरी हाक मारायचंच, ‘साहेब, जरा वास बघून घ्या ना.’ एका पाळीला पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी बमरोलीची, भास्कर ज्या गल्लीत वाढला तिथली. साथीच्या तापानंतर त्याचा वास गेला होता हे मला माहीत होतं. पुष्कळांचा गेला आणि परत आला. याचाही आला, असं यानं सांगितलं होतं.

सोमवार ते रविवार मी गप्प बसलो. हे लिहितानाही लाज वाटते. त्यानं अंदाजानं ठोकून दिलं असेल, सर्दी असेल, उद्या विचारू… असं करत सहा दिवस काढले. रोज सकाळी त्याची बस गेली असेल म्हणून घड्याळ पाहायचो आणि संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून वहिनींना फोन करायचो, हा घरी आला की नाही ते कळावं म्हणून. वहिनींचं नाव येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून सरळ विचारताही येत नव्हतं.

रविवारी मी म्हणालो, आज मी ओततो. त्याच्याकडे पाठ करून दोन्ही ग्लासांत एकाच बाटलीतली ओतली. भास्करनं डावा ग्लास छातीपाशी धरला, मग हनुवटीपाशी, मग नाकाखाली. डोळे मिटले. मग उजवा. इतका वेळ लावला की मला वाटलं, ओळखलं यानं, आता हसेल आणि मला शिव्या देईल. तसं व्हावं म्हणून मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

‘डाव्यात खारीक,’ तो म्हणाला. ‘उजवी कोवळी आहे. लाकूडच जास्त.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं, ग्लासांकडे पाहिलं आणि हातातला ग्लास सावकाश खाली ठेवला.

‘दोन्हींत एकच आहे?’

मी मान हलवली. कुणी सांगितलं, म्हणून त्यानं विचारलं. कुणी नाही, वर्षभरात तू वहीत एकही नवा शब्द लिहिलेला नाहीस, असं मी म्हणालो. तेही खरंच होतं, फक्त ते मला त्या आठवड्यात कळलं होतं. मग त्यानं सांगितलं, की जिभेला गोड, कडू आणि चटका एवढंच उरलं आहे. बाकी सगळं पाठ आहे. प्लँटवर काय करतोस, असं विचारल्यावर म्हणाला, ‘मीटर बघतो आणि मान हलवतो.’ निवृत्तीला अकरा महिने राहिलेत, असंही म्हणाला.

‘उद्या प्लँटवर सांग,’ मी म्हणालो. ‘दहापर्यंत सांगितलं नाहीस तर मी फोन करीन.’

इतक्या वर्षांत भास्कर माझ्याशी कधी अहिराणी बोलला नव्हता, ती घरची आणि गल्लीची भाषा होती. त्या दिवशी उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘तुले काय करनं शे ते कर.’

सोमवारी सातला फोन वाजला नाही. मी कारखान्याचा नंबर कागदावर लिहून समोर ठेवला होता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. आपण कोणाच्या पोटावर पाय देतोय, आणि नाही दिला तर काय, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात घुमत होतं. दहाला पाच कमी असताना त्याचा फोन आला. ‘सांगितलं,’ म्हणाला आणि ठेवून दिला.

त्याला रेकॉर्डच्या टेबलावर बसवलं. हाक मारणारी माणसं दुसरीकडे वळली. रविवारी मी दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. तो बरोबर होता असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही, पण मी बरोबर होतो म्हणून काही मला झोप लागत नव्हती. सात महिन्यांनी एका रविवारी अकराला फोन वाजला. ‘बाटली आलीय. नाक नाहीय. येतोस का?’

त्यानंतर वास मी घ्यायचो आणि तो चाखायचा. मी म्हणायचो, खारीक. तो विचारायचा, भिजवलेली की कोरडी? साध्या उत्तरावर त्याचं समाधान व्हायचं नाही, परीक्षेला बसल्यासारखा घाम फुटायचा मला. मी सांगेन ते तो वहीत लिहायचा आणि समोर कंसात ‘मॅनेजर’ लिहायचा. बशा तशाच झाकायच्या. फक्त सोमवारी सातला तो फोन करायचा, मी रिक्षानं जायचो आणि निकाल मी द्यायचो. वहिनींना त्यानं नाकाचं कधीच कळू दिलं नाही, मॅनेजरला शिकवतोय म्हणायचा. त्या जुन्या रविवारबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. माफ केलंस का, असं विचारायचं राहून गेलं.

तो गेला त्याच्या आदल्या रविवारीही आम्ही बसलो होतो. सोमवारी मला ताप होता, म्हणून निकाल राहिला. दिवसकार्य आटोपल्यावर, महिनाभरानं, वहिनींनी बोलावलं. टेबलावर ते दोन ग्लास, वर बशा, तसेच.

‘मी हात नाही लावला,’ त्या म्हणाल्या. ‘एकदा धुतले होते ना… तेव्हा त्यांना कळलं कसं नाही, तेच मला अजून समजत नाही.’ मग थांबून म्हणाल्या, ‘बघा ना भाऊजी, अजून आहे का?’

मी डावी बशी उचलली. ग्लास छातीपाशी धरला, मग हनुवटीपाशी, मग नाकाखाली. काहीच नव्हतं. काच होती आणि थोडी धूळ. पुन्हा एकदा घेतला. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पदराचा बोळा मुठीत घट्ट धरून.

‘आहे,’ मी म्हणालो. ‘खारीक… आणि मागून कोठी.’

‘मग राहू दे,’ असं म्हणून त्यांनी बशी पुन्हा झाकली.

वहिनी हे वाचतील. ग्लास धुतल्याचं भास्करला का कळलं नव्हतं ते त्यांना आज समजेल, आणि परवा मला काहीच वास आला नव्हता हेही. भास्करला मी दुसऱ्या दिवशी दहापर्यंतची मुदत दिली होती. मला खरं सांगायला तीन आठवडे लागले.