कावडीची साल

आसगावच्या तलावावर मासे धरणारी जेवढी घरं आहेत, त्या सगळ्यांच्या कावडी तुलारामच्या हातच्या. माणूस म्हणजे बाभळीचा काटा. पण कावड हवी तर त्याच्याच दारात जावं लागतं, त्याला इलाज नाही.

त्याचा नियम एकच: बांबूची साल तासायची नाही. कारण विचारलं तर तो बांबूचा ताजा काप पुढे करतो. त्यात बारीक काळे ठिपके दिसतात. पोटाकडे विरळ आणि सालीकडे दाटीवाटीने. एकेक ठिपका म्हणजे लांबवर गेलेला एक दोरा, वजन हे दोरेच पेलतात, बाकीचा नुसता भुसा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मुलाने, देवानंदने, एकदा त्या कापाचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला, तर एका ठिपक्यात आणखी शंभर बारीक दोरे निघाले. तुलारामने तो फोटो बघितलाच नाही. बापाचं खरंखोटं करायला मोबाइल लागतो, याचा त्याला राग आला होता.

कोणाची कावड मोडली की तुलाराम विचारी, साल कोणी काढली. बहुतेकदा खांद्याला टोचते म्हणून त्या माणसानेच काढलेली असे. मग त्याला वर्षभर नवी कावड नाही. आमच्यातल्या ईश्वरने दोनदा साल काढली आणि अशी दोन वर्षं डोक्यावर टोपली वाहण्यात काढली आहेत.

गेल्या वर्षी देवानंदचा पुण्यातला कारखाना बंद पडला आणि तो गावी आला. आठ दिवस कावड वाहिली आणि खांदा सोलून निघाला. त्याची आई मंदाबाई रोज हळद लावी. महिनाभर बघतो, नाही जमलं तर पुण्यालाच दुसरं काम शोधतो, असं तो म्हणाला. पोराने राहावं असं तुलारामला फार वाटत होतं. पण तसं तोंडाने म्हणण्यापेक्षा त्याने तलाव उपसला असता.

नवव्या दिवशी देवानंदच्या खांद्यावर नवी कावड आली. मधला हातभर भाग चांगला गुळगुळीत होता.

ती भर बाजारात मधोमध मोडली. मासे चिखलात गेले आणि बाजार हसला. साल कोणी काढली, असं ईश्वरने मुद्दाम मोठ्याने विचारलं. देवानंदने सांगितलं, मी काढली.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवर आम्ही सगळे बसलो होतो. ईश्वरने ती हकिगत तिसऱ्यांदा सांगितली आणि तुलारामला विचारलं, आता पोरालाही वर्षभर कावड नाही ना?

"साल म्या काढली," तुलाराम म्हणाला. "पोराचा खांदा सोलला होता. मले पायवत नोहतं."

ईश्वर जाळ्याचा गुंता सोडवू लागला. जाळ्यात गुंता नव्हता.

"मले मालूम होतं, बाबा," देवानंद म्हणाला. "तुमाले तासताना म्या पायलं होतं."

"मंग उचलली कायले?"

"माह्यासाठी तुमी आपला कायदा मोडला. ते खाली कसं ठेवू?"

तुलारामने पाण्याकडे तोंड वळवलं. मला तर त्याच्याकडे बघवेना.

"राहशीन का इथं?" त्याने विचारलं.

"राहतो," देवानंद म्हणाला. "खांद्याचं मी पाहून घेईन. तुमी साल राहू द्या."