लोर्नाच्या गावाला नर्स नाही

लोर्ना गेल्याचं कळलं तेव्हा मी एका आजोबांना बटाटे का खायचे नाहीत ते समजावत होते. आमच्या डायलिसिस सेंटरच्या मुख्य नर्सने मला बाहेर बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की लोर्ना सकाळी ड्यूटीवर आली नाही, फोन उचलेना, म्हणून घरमालकाला दार उघडायला लावलं, तर ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेली होती. युनिफॉर्म चढवलेला, पायात बूट, कामाला निघायच्या तयारीत. हृदय बंद पडलं होतं. मी परत आत गेले आणि आजोबांचं बटाट्याचं पूर्ण केलं. रडू आलं नाही. राग आला. दोन महिने होत आले, तो अजून उतरलेला नाही, आणि हे सगळं मी त्या रागातच लिहिते आहे, हे वाचणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं.

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या या सेंटरमध्ये मी आहारतज्ज्ञ आणि ती नर्स. ती फिलिपिन्सची, लेते नावाच्या बेटावरच्या एका खेड्यातली. आमची ओळख वासामुळे झाली. ती डब्यात भात आणि सुकी मासळी आणायची, आणि मायक्रोवेव्ह उघडला की ब्रेकरूममधली मंडळी नाकं मुरडून बाहेर पडायची. मी रत्नागिरीची. मला तो वास आला आणि माझी आईच आठवली. मी जाऊन तिच्यासमोर बसले, तिने न विचारता अर्धी मासळी माझ्या ताटलीत घातली. त्यानंतर ती मला 'आते' म्हणायला लागली. मी म्हटलं, बाई, तुझी आत्या कधीपासून झाले? तेव्हा कळलं, त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. सेंटरमध्ये तिचा हात म्हणजे हात होता. ज्यांच्या शिरा दमलेल्या, रुसलेल्या, ते पेशंट दुसऱ्या कुणाला सुई लावू द्यायचे नाहीत. मोठाल्या हॅट घालणारे, जगावर खेकसणारे टेक्सन म्हातारे तिच्यापुढे मुकाट दंड पुढे करायचे.

तिच्या पैशांनी घर वर आलं नाही असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. वादळात छप्पर उडालं की महिनाभर ताडपत्रीखाली राहणारं ते कुटुंब. एक अंडं पाच भावंडं वाटून खायची. तिने पाठवलेल्या पैशांवर पाठची तिघं शिकली, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पक्कं घर उभं राहिलं. ते घर तिने फोनवरून बांधलं. भाऊ दुकानातून फरश्या दाखवायचा, ही लंच ब्रेकमध्ये रंग निवडायची, ओटा माझ्या उंचीचाच हवा म्हणून भांडायची. गरिबी गेली, अगदी खरोखर गेली. पण भावंडं शिकली ती कशासाठी? बाहेर जाण्यासाठी. एक बहीण दुबईला, एक कॅनडात, धाकटा भाऊ जहाजावर. मागे उरली आई आणि पलीकडच्या गावात रिक्षा चालवणारा थोरला भाऊ. आमच्या कोकणाला लोक मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे. चाकरमान्यांच्या पैशांनी चिऱ्याची घरं उठली आणि त्यांची कुलपं गणपतीपुरती निघू लागली. लोर्नाला मी हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. म्हणाली, आमच्याकडे ख्रिसमसला निघतात.

आईला सांभाळायला तिने मारिसेल नावाची मुलगी ठेवली होती, आणखी गरीब बेटावरची, स्वतःची आई तिकडे सोडून आलेली. म्हणजे बघा, लोर्ना इथे परक्यांच्या आईबापांची सेवा करणार, त्या पगारातून मारिसेल लोर्नाच्या आईची सेवा करणार, आणि मारिसेलच्या आईकडे बघायला कुणी नाही... मारिसेल गुणी निघाली. म्हातारीला तिचा लळा लागला. मग एक दिवस तिने भीत भीत विचारलं, हाँगकाँगला घरकामाची नोकरी लागते आहे, एजंटला द्यायला पैसे नाहीत, आते मदत करेल का? आणि या वेड्या बाईने ते पैसे दिले! मी तिला म्हटलं, अगं, तू स्वतःच्या आईची काठी स्वतःच्या हाताने काढून घेतलीस. ती शांतपणे म्हणाली, मला कुणीतरी दिले होते म्हणून मी आले. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

मागच्या उन्हाळ्यात म्हातारीला जुलाब सुरू झाले. एवढंच. जुलाब. संध्याकाळी सहाच्या सुमारास ड्यूटी संपवून आम्ही पार्किंग लॉटमध्ये आलो, डांबरातून अजून वाफा निघत होत्या, आणि लोर्नाचा फोन वाजला. तिकडे सकाळ झाली होती. भावाने आईला गावच्या आरोग्य केंद्रात नेलं होतं. केंद्राची इमारत होती, खाट होती, सलाइनची बाटलीसुद्धा होती. नर्स नव्हती. होती ती सौदीला गेली होती आणि तिची जागा भरलेली नव्हती. जवळचं हॉस्पिटल डोंगरापलीकडे, गाडी यायला वेळ होता. आई कोरडी पडत चालली होती, आणि लोर्ना गाडीच्या बॉनेटला टेकून, फोन दोन्ही हातांत धरून, एका शेजारणीला सुई कशी लावायची ते सांगत होती. मला भाषा कळत नव्हती, पण ती काय सांगत होती ते सगळं कळत होतं. दंड बांध. मूठ वळायला सांग. बोटाने चाचपून बघ. त्या बिचारीने दोनदा टोचलं, रक्त बघितलं आणि सुई टाकून रडायला लागली. लोर्ना आपला डावा हात फोनच्या पडद्यावर ठेवून, जणू तिथून चाचपता येईल अशी, शीर शोधत राहिली. गाडी आली तेव्हा उशीर झाला होता.

दुसऱ्याच दिवशी ती कामावर आली. तिने सतरा जणांना सुया लावल्या, एकाही पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही. मला वाटलं होतं ती कोसळेल. ती म्हणाली, "आते, मी परत जाणार. त्या केंद्रात काम करणार." मग ती खरंच मागे लागली. तिकडच्या लोकांशी बोलली. पगार इथल्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता आणि तोही सहा-सहा महिन्यांच्या करारावर, पण तिला चालणार होता. घर होतं, ओटा तिच्या उंचीचा होता, आणखी काय पाहिजे? तिने राजीनामा लिहिला, तिकीट काढलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि मग भावाचा फोन आला. त्याची मुलगी जोसी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, फी लोर्नाच भरत होती. तेवढं होईपर्यंत थांब, नंतर ये.

माझा संताप झाला. मी तिला वाटेल ते बोलले. म्हटलं, जोसी शिकून काय गावात राहणार आहे? तीही जाईल, मग तिच्या पाठीमागची कुणी जाईल, आणि त्या केंद्रात सलाइनच्या बाटल्या तशाच टांगून राहतील. लोर्नाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग काय करू? तिला सांगू, तू गरीब राहा, म्हणजे गावाला नर्स मिळेल?" तिने तिकीट कॅन्सल केलं. ड्यूट्या वाढवून घेतल्या. त्यातच संपली.

चर्चमध्ये तिची प्रार्थनासभा झाली. इथल्या फिलिपिनो संघटनेचे एक गृहस्थ बोलायला उठले आणि म्हणाले, लोर्ना आमच्या देशाची वीर होती. परदेशात राबणाऱ्यांना त्यांच्याकडे वीर म्हणायची पद्धतच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उठून ओरडावंसं वाटलं, की गावातल्या नर्सला पोटभर पगार द्या आणि मग वीर शोधत बसा. माणसं बाहेर पाठवायची, त्यांच्या पैशांवर देश चालवायचा आणि मेल्यावर हार घालायचे, हा कुठला न्याय? पुढच्या शनिवारी आमच्या मराठी मंडळींच्या जेवणात मी हे बोलले, तर एक काका पुरणपोळीवर तूप घेत म्हणाले, "पण त्यांची इकॉनॉमी त्याच्यावरच तर चालते. गरिबी कमी झाली की नाही? नंबर्स बघा ना." मी म्हटलं, काका, नंबरात तिची आई बसत नाही. जेवणाची चव गेली सगळ्यांची. जाऊ दे.

गेल्या आठवड्यात रविवारी दुपारी जोसीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. हसली की अगदी लोर्नाचे गाल. ती म्हणाली, "टिटा, मी पास झाले." मावशी-आत्यासारख्या बाईला ते लोक टिटा म्हणतात. मग जरा घुटमळत म्हणाली, टेक्सासमध्ये नर्स म्हणून यायचं तर अर्ज कसा करायचा, कुठली परीक्षा द्यायची, आत्या सांगणार होती... तुम्ही सांगाल का? माझं डोकं तडकलं. मी विचारलं, तुमच्या केंद्रात आता कोण आहे? म्हणाली, कुणी नाही, जागा रिकामीच आहे. मग तू का नाही जात तिथे? मी जवळजवळ खेकसलेच. ती रागावली नाही. उलटून बोलली असंही नाही, साधं विचारावं तसं तिने विचारलं, "टिटा, तुमच्या गावात कोण आहे?"

माझ्या गावात कोण आहे? आईजवळ पगारी बाई आहे. खेडहून आलेली.

जोसी वाट बघत बसली होती, तिच्या पाठीमागे गुलाबी भिंत होती आणि ती ज्या पलंगावर बसली होती त्याची गादी ती हलली की चर्र चर्र वाजत होती. मी विचारलं, कसला आवाज गं? ती ओशाळून म्हणाली, ही आत्याची खोली, गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, आत्या आली की ती स्वतः काढणार होती, म्हणून कुणी हात लावत नाही.

मी तिला म्हटलं, ते आधी काढ. चादर घाल. आज तू त्या गादीवर झोप. अर्जाचं मी तुला उद्या सांगते.