भित्रे मयेकरकाका

मयेकरकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. मी आइस हॉकीच्या हॉलमध्ये कॅन्टीनच्या नोकरीसाठी आले होते आणि दारात उभी राहून नवऱ्याशी फोनवर मराठीत बोलत होते. मागून एक बुटके, कानटोपी घातलेले गृहस्थ आले, त्यांनी बोटाने खूण केली आणि मला थेट एका लोखंडी दारापाशी नेलं. दार इंचभर उघडून म्हणाले, "वास घे गो. काय येता?"

मी घाबरत वास घेतला. "तेलाचा येतोय थोडा. बाकी काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. "मगे ठीक. रोज वास घेऊन घेऊन माझा नाक निबर झाला. त्येचो काय उपयोग नाय. तुझा नाक नवा आसा."

त्या दाराआड मशिनरूम होती. बर्फाच्या मैदानाखालून नळ्यांचं जाळं जातं, त्या थंड ठेवणारी यंत्रं तिथे होती आणि त्या यंत्रांमध्ये अमोनिया होता. अमोनिया फुटला तर आधी डोळे जातात, मग छाती. हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी, चहाच्या आधी समजावण्यात आलं. इतर ठिकाणी नव्या माणसाला स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवतात, काकांनी मला पळून जायची दारं दाखवली.

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. बंदरावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या काढणारा कारखाना होता, तिथे ते तरुणपणापासून होते. सुनंदाकाकू नर्स. त्यांना इथल्या वृद्धाश्रमात नोकरी लागली आणि काका त्यांच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आले. "लोक घरजावय होतत, मी देशजावय झालंय," असं ते स्वतःच सांगत. काकू कामाला गेल्या की हा माणूस खिडकीतून कालव्यातली बदकं बघत बसे. मग एका शेजाऱ्याने हॉलमध्ये बर्फ सांभाळायला माणूस हवाय असं सांगितलं. अख्खा जन्म ज्याच्या धाकात काढला तोच बर्फ सातासमुद्रापार पुन्हा पदरात पडला. नशीब कधीकधी फारच चिकट असतं.

आमच्या संघाचं नाव ओटर्स, म्हणजे पाणमांजरं. उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घरापासून बसने गेलं की कालव्याच्या काठाला हा हॉल होता. संघ व्यावसायिक म्हणायचा, पण कॅनडाहून आणलेले दोन-तीन खेळाडू सोडले तर बाकीचे सकाळी शाळेत शिकवायचे नाहीतर ट्रक चालवायचे. इथे संघाला प्रायोजकाचं नाव लावायची रीत आहे. त्यामुळे ओटर्स आधी एका सॉसेजवाल्याचे होते, मग पडदेवाल्याचे, मग रंगवाल्याचे. नांदत्या मुलीचं नाव बदलावं तसं संघाचं पुढचं नाव बदलत राहिलं, मागचं 'ओटर्स' मात्र टिकलं.

हा सगळा इतिहास केसकडे होता. केस म्हणजे संघाचं सामान सांभाळणारा उंच, वाकलेला डच म्हातारा. पोहण्याच्या तलावामागे उघड्यावर बर्फ करून ओटर्स पहिल्यांदा खेळले तेव्हापासून तो होता. प्रत्येक नावाची एकेक जर्सी त्याने सामानाच्या खोलीत ओळीने टांगली होती. क्लबच्या वेबसाइटसाठी मला संघाचा इतिहास इंग्रजीत लिहायला सांगितला, तेव्हा मी केस आणि काका दोघांना समोरासमोर बसवलं. केस म्हणे, "हिरवी जर्सी. या वर्षी आम्ही लीग जिंकली." काका म्हणत, "त्याच वर्षी दुसरो कंप्रेसर बसवलो." केस म्हणे, "ही पांढरी. सगळे सामने हरलो." काका म्हणत, "पंपाचो गास्केट तीनदा बदललो." दोघांनाही एकमेकांचा इतिहास निरर्थक वाटे आणि दोघेही तो मन लावून ऐकत. केसचं डच आणि काकांचं मालवणी यांच्यामध्ये भाषांतराला मी होते, पण माझी फारशी गरज पडत नसे.

केस काकांना भित्रा म्हणायचा, तोंडावर. इथल्या लोकांना आडून बोलायची सवय नाही. काकांना त्याचा राग नव्हता. "भियणारो माणूस दार बघून ठेवता," ते म्हणत. खिशात कायम एक ओला पंचा, वायू आला तर नाकाला धरायला. हॉलमध्ये शिरण्याआधी पार्किंगमधल्या झेंड्याकडे बघायचं. झेंडा ज्या अंगाला फडकतो त्या अंगाला पळायचं नाही, वायू तिकडेच जातो. आणि प्रत्येक सामन्याच्या आधी मला बाहेरच्या मोकळ्या हवेतून बोलावून त्या लोखंडी दारापाशी उभं करायचं. मी "काही नाही" म्हटल्याशिवाय खेळाडू बर्फावर उतरत नसत.

भीती संसर्गजन्य असते हे मला तिथे कळलं. मी घरीसुद्धा वास घेऊ लागले. बाथरूम धुतलं की खिडक्या उघडायला धावायची. मुलीच्या पोहण्याच्या क्लासला गेले की आधी दारं मोजायची. मुलगी वैतागून डचमध्ये म्हणायची, "मम, दू नॉर्माल!" म्हणजे नीट वाग, वेड्यासारखं करू नकोस. नवरा हसायचा. मला हसू येत नसे. मला खरोखर भीती वाटत होती.

एकदा मी काकांना चिडून म्हटलं, "तुमच्यामुळे माझी झोप गेलीय."

ते म्हणाले, "माझो थोरलो भाव होतो. बाबलदादा. कारखान्यात पाइप फुटलो तेव्हा आमी दोघाय आत होतो. मी दाराकडे होतंय. मी धावलंय. भायर जाऊन मागे बघतंय तर दादा नाय." त्यांनी पंचा खिशातून काढला आणि परत ठेवला. "परत आत जाऊक माझो पाय उचललो नाय गो. लोक म्हणाले, तू तरी वाचलंस. ता वाक्य अजून कानात आसा."

मी त्यांच्या शेजारी बसले. उठताना ते म्हणाले, "वास इलो की धाव. माझी वाट बघू नको. मी तुझी बघूचंय नाय." इतकं खरं बोललेलं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून मला थंडी वाजली.

तो दिवस हंगामाच्या शेवटच्या सामन्याचा. हॉल भरला होता. नवरा आणि मुलगी वरच्या बाकांवर होते. दुसरा भाग सुरू होता आणि मी बाहेरच्या गाडीतून पावांचे खोके आत आणत होते. खेळाडूंच्या खोल्यांपुढून जाताना नाकात काहीतरी टोचलं. हॉकीच्या हातमोज्यांना घामाने अगदी तसाच उग्र दर्प येतो, त्यामुळे मी तशीच पुढे गेले. चार पावलांवर काका उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय येता?"

"काका, बहुतेक हातमोज्यांचा असेल..."

त्यांनी 'बहुतेक'च्या पुढचं ऐकलंच नाही. भिंतीवरची लाल कळ दाबली. भोंगा झाला, आणि पाठोपाठ मशिनरूमचा सेन्सरही किंचाळू लागला. काकांनी माइक घेतला. त्यांचं डच एरवी भाजीवाल्यापुरतं, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द स्वच्छ आला. "सगळे बाहेर. धावू नका. झेंडा फडकतो त्याच्या उलट दिशेला जा." आवाज थरथरत होता. म्हणूनच बहुधा लोकांनी तो ऐकला. त्यात धीर नव्हता, नुसतं भय होतं, आणि ते खरं होतं.

लोक बाहेर पडले. खेळाडू स्केट्स घालूनच डांबरावरून चालत होते, पात्यांचा करकर आवाज येत होता. गोलरक्षक पॅड सावरत बदकासारखा डुलत होता आणि कुणी हसत नव्हतं. मी वेड्यासारखी मुलीला शोधत होते. शेवटी ती वडिलांच्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून उभी दिसली.

तेवढ्यात काका ओरडले, "केस खय?"

केस बाहेर आला होता, आम्ही त्याला पाहिलं होतं. पण आता तो नव्हता. एक खेळाडू म्हणाला, "जर्सी आणतो म्हणाला, गेला परत." सामानाची खोली मशिनरूमला लागून होती. शेकडो माणसांना सुरक्षित बाहेर काढावं, आणि एकाने जुन्या कपड्यांसाठी परत आत जावं! मला त्याचा इतका संताप आला की रडू फुटलं.

काका सामानाच्या खोलीकडच्या मागच्या दाराशी गेले. ओला पंचा नाकाला धरला, दुसरा हात दाराच्या मुठीवर ठेवला. मी काही अंतरावर होते. दाराच्या फटीतून आता तो वास सरळ येत होता, हातमोज्यांशी काही संबंध नसलेला, डोळ्यांत सुई खुपसणारा. काकांचा हात मुठीवरच राहिला. ते आतल्या दिशेने थोडे झुकले. पाय जागचा हलला नाही. "केस!" त्यांनी हाक मारली. "केस रे!" आतून काहीच आलं नाही. ते तसेच उभे, दार न उघडता, दार न सोडता. अग्निशमनवाले आले आणि त्यांनी काकांना खांद्याला धरून बाजूला केलं.

मुखवटे घातलेली दोन माणसं आत गेली. किती वेळ गेला सांगता येणार नाही, मला तो फार मोठा वाटला. मग ते केसला घेऊन आले. तोंड राखेसारखं, डोळे बंद, आणि छातीशी जर्सींचं गाठोडं घट्ट धरलेलं. तो खोकला. तो खोकला ऐकून काका मटकन खाली बसले. "दुसऱ्यांदा," एवढंच म्हणाले.

केस वाचला. आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. हॉल बंद पडला, ओटर्स एक हंगाम पाहुण्यासारखे दुसऱ्या गावच्या बर्फावर खेळले. गावाने काकांचं कौतुक केलं, महापौरांनी फुलं पाठवली. काकांनी ती काकूंच्या वृद्धाश्रमात देऊन टाकली. नोकरी सोडली. केस भेटायला गेला की ते मागच्या दाराने बाहेर पडत. "घरातली दारं लावू देत नाहीत. बसून झोपतात," काकू मला सांगत. अख्खा हॉल ज्याच्या भीतीमुळे वाचला, त्याला फक्त एक बंद दार दिसत होतं.

पुढे जुनी यंत्रं निघाली, अमोनियाही गेला, आणि हॉल पुन्हा उघडला. काका त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले, झोपेत, हृदयविकाराने. पण मला ते आठवतात हॉल उघडला त्या दिवशीचे. काकू त्यांना कसंबसं पार्किंगपर्यंत घेऊन आल्या होत्या. तिथल्या बाकावर ते बसले आणि पुढे यायला तयार होईनात. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. सामना सुरू व्हायला आला होता. तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि केस बाहेर आला. ओटर्सचा घरचा एकही सामना त्याने कधी चुकवला नव्हता. तो येऊन काकांच्या शेजारी बसला.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "त्येका सांग गो, मी आत येवक नाय."

मी डचमध्ये सांगायला तोंड उघडलं, पण केसने हात वर केला. त्याला समजलं होतं. घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "आला असतास तर अग्निशमनवाल्यांना आपल्या दोघांना उचलावं लागलं असतं. मी जड आहे, तेवढं पुरे होतं."

काका हसले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

आत गोल झाला असावा. मोठा भोंगा वाजला. काका दचकून उभे राहिले, हातातला चहा सांडला, आणि ते पार्किंगच्या टोकाकडे धावू लागले, झेंडा फडकत होता त्याच्या उलट दिशेला. केस उठला, आपले लांब वाकडे पाय टाकत त्यांच्या बरोबरीला आला आणि त्यांच्यासोबत धावत राहिला. हॉलमध्ये लोक ओरडत होते. गोल कुणी केला हे बघायला तो मागे वळला नाही.