दाखला काढायला गेलो ती सकाळ

त्या वर्षी दर शुक्रवारी दुपारी ह्यांचा फोन यायचा आणि बोलणं एकाच गोष्टीचं असायचं, मुलीची शाळा. हे आखातातल्या एका लहान बंदराच्या गावी नोकरीला गेले होते. चेन्नईतल्या कारखान्यातली नोकरी सोडून गेले होते, त्यामुळे मागे फिरायला जागा नव्हती. आधी ह्यांनी जायचं, मुलीला तिथल्या शाळेत प्रवेश मिळाला की आम्हा दोघींना बोलवायचं, असं ठरलं होतं. शाळा मिळाली नाही तर काय, हे ठरलं नव्हतं.

तिथे आपल्या भारतीय लोकांची एकच शाळा होती. दुसरी गोऱ्यांच्या मुलांची, तिची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. आपल्या शाळेत आठवीला एक जागा होती. गणित, इंग्रजी आणि हिंदी, तीन विषयांची परीक्षा घेणार होते. "हिंदीपण?" मी विचारलं. हे मात्र फोनवर हसले.

"मी सांगून टाकलंय त्यांना, आम्ही मराठी माणसं. हिंदी काय, येतेच आपल्याला."

ह्यांना कारखान्यात, रेल्वेत, सगळीकडे हिंदीवर निभावता येई. पण आमची मुलगी चेन्नईत, वेलचेरीत वाढली. ती पहिलीत जाताना शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं, दुसरी भाषा हिंदी देऊ की तमिळ? हे माझ्याकडे बघायला लागले. मी परक्यासमोर सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं आणि तमिळ म्हणाले. मला इथलं काहीच बोलता येत नव्हतं आणि हे सकाळी अंधारात कंपनीच्या बसने जायचे ते रात्री यायचे. घरात कोणाला तरी इथली भाषा यायला हवी होती. पुढे भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, पाण्याच्या लॉरीवाल्याशी तीच बोलायची. मी तिच्या मागे पिशवी धरून उभी. ते चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

पण तिला देवनागरीतलं एक अक्षर येत नव्हतं. घरात मराठी बोलायची, तीही तमिळच्या चालीवर.

मी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरं तेवढी माझ्याकडे होती. दुपारी ती शाळेतून आली की आम्ही ओट्यावर तांदळाचं पीठ पसरायचो आणि मी बोटाने अक्षर काढायची. ती बघून म्हणाली, "आई, हे सगळे दोरीवर वाळत घातलेले कपडे वाटतात. आमची अक्षरं बघ कशी सुटी बसतात." आमची म्हणजे तमिळ. मला ते लागलं, पण मी हसले. ती हुशार होती. पंधरवड्यात सावकाश का होईना, वाचायला लागली. मग मी तिला लहान लहान वाक्यं लिहायला दिली. मेरी गाय, मेरा घर, मैं शाळा में जाती. मला वाटलं, होईल.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी, कित्येक पिढ्या तिकडचे. त्यांची मराठी जुनी, मध्येमध्ये तमिळ शब्द, पण मला सगळ्या इमारतीत तेवढ्याच एकीशी बोलता यायचं. मी त्यांना ह्यांचं बोलणं सांगितलं तेव्हा त्या पान लावत होत्या.

"मराठी म्हटल्यावर हिंदी येते म्हणून कोणी सांगितलं गे?" त्या म्हणाल्या. "आम्हीही मराठीच. माझ्या सासऱ्यांना 'पानी दो' म्हणायला येत नव्हतं. तहानेने मेले असते काशीला."

हसून झाल्यावर त्यांनीच मागच्या गल्लीत हिंदीची शिकवणी घेणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला.

त्या बाईंच्या हॉलमध्ये जमिनीवर पहिली-दुसरीची मुलं बसली होती. आमची मुलगी त्यांच्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली, सगळ्यांत उंच. एका पोराने तिला तमिळमध्ये विचारलं, "अक्का, तू नापास झालीस का?" बाकीची हसली. तीही हसली, पण तिचे कान लाल झालेले मला दारातून दिसत होते.

बाईंनी तिचं लिहिलेलं मागितलं. आमच्या ओट्यावरच्या अभ्यासातली दोन पानं तिने दिली. बाईंनी वाचलं, मग माझ्याकडे बघून हिंदीत सावकाश बोलल्या, मला कळावं म्हणून. अक्षरं सुरेख आहेत. पण ही हिंदी नाही. ही तुमची मराठी आहे.

मी मान खाली घातली. मला हिंदी बाजारातली येत होती. कोणता शब्द 'तो', कोणता 'ती', कुठे 'का' आणि कुठे 'की', हे मला शिकवलंच कोणी होतं? मुलगी घरी येईपर्यंत माझ्या पुढे पुढे चालत राहिली. घरात आल्यावर म्हणाली, "अम्मा, तुला ठाऊक नव्हतं तर सांगायचंस ना." चिडली की ती मला अम्मा म्हणते.

त्यानंतर तिची शिकवणी चालू राहिली, पण जेवण कमी झालं. मी ताटात वाढायची आणि ती भाताचे ढीग करत बसायची. शुक्रवारी हे विचारायचे, "किती झालं?" मी म्हणायची, "चाललंय."

एका शुक्रवारी हे म्हणाले, "हिंदीत नापास झाली तर सहावीत बसवू म्हणतायत. दोन वर्षं खाली." मग म्हणाले, "दादा म्हणतो, पोरीला मिरजेला पाठवा. नाहीतर चेन्नईत वसतिगृह बघू आणि तू एकटी ये."

मिरजेच्या जाऊबाईंचाही फोन आला. "पाठव की इकडं. आमच्या दोन पोरींत तिसरी. मराठी तरी सुधारेल. परवा माझ्याशी फोनवर बोलली तर मला वाटलं इडलीवाला बोलतोय." त्या मनाने वाईट नाहीत. पण त्यांच्या घरात मी नवी असताना कशी राहिले होते, ते मला आठवत होतं. पोरीला तिथे ठेवायला माझं मन धजायचं नाही. सहावीत बसवायचं म्हटलं तरी तेच. आणि ह्यांना तिथे एकटं ठेवायचं म्हटलं तरी तेच. मी दिवसभर भांडी घासत असायची, घासलेलीच परत.

वार्षिक परीक्षा संपल्या आणि ह्यांचा निरोप आला. तिथल्या शाळेला मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आधी हातात हवा, तरच जागा धरून ठेवतील. परीक्षा नंतर तिथेच घेतील. "उद्याच काढून ठेव. कागद हाताशी असलेला बरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी शेअर ऑटोने शाळेत गेलो. ऑफिसच्या खिडकीशी एक वयस्कर बाई होत्या, केसांत मोगऱ्याचा गजरा. मुलीने तमिळमध्ये सांगितलं की बाबा परदेशी आहेत, दाखला हवा. बाईंनी चष्मा वर केला आणि तिच्याशी बराच वेळ बोलल्या. रागावून नाही, समजावून.

सात वर्षं मी तिच्या मागे उभी राहिले होते. बोलता येत नव्हतं, तरी कानावर पडून पडून पुष्कळ कळायचं. 'तिरुंबि सीट किडैक्कादु,' बाई म्हणाल्या. परत जागा मिळणार नाही. किडैक्कादु हे तर भाजीवाला रोज म्हणतो. आणि शेवटी म्हणाल्या, 'योसिच्चु सोल्लुंग.' टी. नगरच्या दुकानात मी साडी हातात घेऊन घुटमळले की तिथला माणूस हेच म्हणतो. विचार करून सांगा.

बाईंनी अर्ज खिडकीतून पुढे सरकवला होता. सही माझी हवी होती.

मुलीने अर्जाला हात लावला नाही. माझ्याकडे वळली. तिचा चेहरा कोरा होता, पण बोटं ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती.

"आई, त्या म्हणतात आज मिळणार नाही. नंतर या म्हणतात."

मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मला वाटतं, मला कळलंय हे त्यांना दिसलं असावं. मला 'सही करते' म्हणता आलं असतं, हातानेही सांगता आलं असतं.

"बरं," मी मुलीला म्हटलं. "चल मग."

परत येताना ती ऑटोत माझ्या खांद्याला टेकून बसली. तेराव्या वर्षी असं कोणी बसत नाही. मला काही विचारायचं नव्हतं आणि तिला काही सांगायचं नव्हतं. घरी येऊन तिने भात मागून घेतला.

दिवस गेले. आज बाई रजेवर आहेत, उद्या सुट्टी आहे, असं मी ह्यांना सांगत राहिले. मग एका शुक्रवारी फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. तिथल्या शाळेने जागा दुसऱ्या मुलाला दिली होती.

"झालं काय तिथे नक्की?" ह्यांनी विचारलं. "तिच्याकडे दे फोन."

मी रिसीव्हर पुढे केला. मुलीने हात मागे घेतले. "तू सांग," ती म्हणाली आणि आत गेली.

तोपर्यंत माझ्या वतीने तीच बोलत आली होती. आता मला तिच्या वतीने बोलायचं होतं, आणि तेही माझ्या नवऱ्याशी, माझ्याच भाषेत.

"तिला यायचं नाही," मी म्हटलं. "आणि तिला कुठे ठेवून मी येणार नाही."

पलीकडे कोणाचा तरी रेडिओ चालू होता.

"मग मी इथे कोणासाठी राबतोय?" हे म्हणाले.

मी रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिले. एकटीने महिना कसा काढायचा, बँकेत कोण जायचं, रात्री बेल वाजली तर दार कोणी उघडायचं, यातलं काही मला मुलीच्या मदतीशिवाय येत नव्हतं. ते माझ्यापेक्षा ह्यांना जास्त माहीत होतं. मध्येच ह्यांच्या फोनचं कार्ड संपत आल्याचं सांगणारी यंत्रातली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली आणि फोन बंद पडला. परत येईल म्हणून मी तिथेच थांबले. आला नाही.

मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा काय म्हणाले?"

"नंतर बोलू म्हणाले," मी सांगितलं.

तिने माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ.

"बरं," ती म्हणाली.